बांडगूळ की राखणदार? : प्रवाळातील खेकड्यांचा एक शब्देतिहास

पदव्युत्तर वर्गाला समीक्षाविचार शिकवताना दरवर्षी एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. विचारणारा विद्यार्थी बहुधा स्वतः कविता लिहिणारा असतो. "सर, समीक्षक म्हणजे लेखकाच्या जिवावर वाढणारे बांडगूळच ना?" वर्ग हसतो, आपणही हसतो. मग मी जे. हिलिस मिलर यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द क्रिटिक अ‍ॅज होस्ट' या निबंधाचा आधार घेतो. विरचनावादी वाचन हे कृतीच्या सरळ वाचनावर जगणारे परोपजीवी वाचन आहे, असा आक्षेप वेन बूथ यांनी घेतला होता आणि एम. एच. अब्रम्स यांनी तो उचलून धरला होता. मिलर यांनी उत्तर देताना 'पॅरासाइट' या शब्दाचीच उकल केली. ग्रीकमध्ये 'पारा' म्हणजे शेजारी आणि 'सितोस' म्हणजे धान्य, अन्न. जो आपल्या शेजारी बसून जेवतो तो पॅरासाइट. ग्रीक सुखात्मिकेत हे एक ठरीव पात्र होते. श्रीमंताच्या घरी आगंतुकासारखे यायचे, त्याची स्तुती करायची, त्याला हसवायचे आणि पोटभर जेवून जायचे, हा त्याचा धंदा. प्लॉटसच्या लॅटिन नाटकांतही तो भेटतो. निसर्गाभ्यासकांनी हा शब्द वनस्पती आणि प्राण्यांसाठी वापरायला घेतला तो पुष्कळ नंतर, अठराव्या शतकात.

म्हणजे रंगभूमीवरचा शब्द निसर्गात गेला आणि तेथून शिवी होऊन समीक्षेत परतला. या प्रवासाचा मधला टप्पा, निसर्गातला, आपण साहित्याचे लोक सहसा पाहत नाही. तो पाहावा म्हणून काही वर्षांपूर्वी थोडे वाचन सुरू केले आणि उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या खेकड्यांपाशी येऊन थांबलो. या खेकड्यांना दीड शतकात परोपजीवी, सहभोजी आणि राखणदार अशी तीन नावे मिळाली. खेकडे तेच राहिले. बदलत गेले ते वाचन. त्या वाचनाचा इतिहास येथे मांडायचा आहे.

१

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. मराठी माणसाला प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे आठवते. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ वेगळे. चुनखडीचा सांगाडा रचत जाणाऱ्या असंख्य इवल्या जीवांची, पॉलिपांची, ती वसाहत असते. पॉलिपांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा पॉलिपांना देतात. तेव्हा प्रवाळ हे मुळातच एकट्याचे घर नाही.

या प्रवाळांपैकी काही झुडपासारखे फांद्या फोडून वाढतात. पोसिलोपोरा हा त्यांतला एक प्रसिद्ध वंश. त्यातल्या एका जातीला लिनिअसने १७५८ साली 'डामिकॉर्निस' म्हटले, म्हणजे हरणाच्या शिंगांसारखी. फांद्यांमधल्या अरुंद फटींत ट्रॅपेझिया वंशाचे खेकडे राहतात. कवचाची रुंदी एक-दोन सेंटिमीटर, अंग गुळगुळीत आणि शरीराच्या मानाने नांग्या मोठ्या. बहुधा नर-मादीची एक जोडी एका झुडपात घर करते आणि आपल्या जातीच्या दुसऱ्या खेकड्यांना तेथे येऊ देत नाही. त्याच झुडपात अनेकदा अल्फियस लोटिनी नावाची, नांगी मिटताना चुटकीसारखा आवाज करणारी कोळंबीही जोडीने राहते. शेजारच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांत ट्रॅपेझियाचे नातलग असलेले टेट्रालिया हे खेकडे असतात. प्रवाळ आपल्या अंगावर जो बुळबुळीत स्राव सोडतो तो हे खेकडे खरवडून खातात. प्रवाळावाचून ते जगत नाहीत. सगळा वाद या शेवटच्या दोन वाक्यांतून निघाला.

२

या खेकड्यांची पहिली ओळख युरोपला झाली ती घराविना. बर्लिनमधला धर्मोपदेशक योहान हर्ब्स्ट १७८२ पासून १८०४ पर्यंत खेकड्यांवरचा एक प्रचंड सचित्र ग्रंथ हप्त्याहप्त्याने काढत होता. दूरच्या समुद्रांतून आलेले वाळलेले नमुने पाहून तो वर्णने लिहीत असे. १७९९ मध्ये त्याने एका खेकड्याला तांबड्या ठिपक्यांवरून नाव दिले. १८०१ मध्ये दुसऱ्याला 'सिमोडोसी' म्हटले, ते होमरच्या 'इलियड'मध्ये येणाऱ्या एका सागरकन्येचे नाव. १८२८ मध्ये फ्रेंच अभ्यासक लात्रेय याने वंशनाम ठरवले 'ट्रॅपेझिया', कारण कवचाचा आकार भूमितीतल्या समलंब चौकोनासारखा. अल्फियस हा ग्रीक नदीदेव, आणि 'लोटिनी' हे १८२२ ते १८२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'कोकीय' या फ्रेंच जहाजावरच्या लोतँ नावाच्या अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ. नावे पाहिली तर रंग, आकार, पुराणकथा आणि जहाजावरचे अधिकारी असे सगळे त्यांत आहे. राहत्या जागेला मात्र तेथे फारशी जागा नाही.

हे असे का झाले ते समजण्यासारखे आहे. प्रवाळाचे झुडूप खडकापासून तोडायचे, बोटीवर आणायचे, फांद्या फोडून आतले जीव काढायचे आणि मद्यार्काच्या बाटलीत टाकायचे, ही नमुने गोळा करण्याची रीत होती. मग प्रवाळ एका तज्ज्ञाकडे जाई आणि खेकडा दुसऱ्याकडे. अमेरिकेच्या १८३८ ते १८४२ च्या सागरी मोहिमेवर गेलेला जेम्स ड्वाइट डेना हा मोठा अपवाद, कारण प्रवाळांचा ग्रंथ त्याने लिहिला आणि कवचधारी प्राण्यांचाही त्यानेच लिहिला. टेट्रालिया हे नाव त्याचेच, १८५१ चे. तरीही दोन्ही ग्रंथ वेगळेच राहिले, प्रवाळांचा १८४६ मध्ये आणि कवचधाऱ्यांचा १८५२ मध्ये.

आपल्या बाजूच्या समुद्राचीही नोंद याच पद्धतीने झाली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक आल्फ्रेड अल्कॉक यांनी एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या नियतकालिकात हिंदुस्थानच्या खेकड्यांची लेखमाला लिहिली. तिच्या १८९८ च्या भागात ट्रॅपेझिया आणि टेट्रालिया आहेत. १८९९-१९०० मध्ये केंब्रिजचे स्टॅनली गार्डिनर मिनिकॉय आणि मालदीवला जाऊन आले, आणि त्या मोहिमेतले खेकडे बोरोडेल यांनी अभ्यासले. वर्णने काटेकोर आहेत. दात किती, काटे किती, कपाळाची कड कशी हे सगळे आहे. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर ही संहितेबाहेर काढलेल्या शब्दांची सूची आहे. सूची उपयोगी असते, तिच्यावाचून पुढचे काम होत नाही. पण शब्द वाक्यात काय करतो हे सूची सांगत नाही.

३

या सूचिकारांपैकी एकाची हकिगत मला विसरता येत नाही. विल्यम स्टिम्पसन. जन्म १८३२. अमेरिकेची उत्तर पॅसिफिक मोहीम १८५३ मध्ये निघाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १८५६ मध्ये मोहीम परतली. त्यानंतर चार वर्षांत त्याने शेकडो नव्या जातींची लॅटिनमधली त्रोटक वर्णने फिलाडेल्फियाच्या विज्ञानसंस्थेच्या वृत्तान्तात छापली. सविस्तर ग्रंथ पुढे यायचा होता, ही नुसती प्रस्तावना होती. १८५९ मध्ये त्याने बॉस्टनच्या निसर्गेतिहास संस्थेपुढे हवाईच्या प्रवाळभित्तीवरचा एक चमत्कारिक खेकडा मांडला. नाव दिले हापालोकार्सिनस मार्सुपियालिस. 'मऊ खेकडा, पिशवीवाला' असा त्याचा अर्थ. मादीच्या पोटाखाली अंड्यांसाठी मोठी पिशवी असते, त्यावरून.

या मादीचे जगणे पुढे उलगडले ते असे. कोवळ्या वयात ती प्रवाळाच्या फांदीच्या टोकाशी येऊन बसते. तिच्याभोवती फांदी दोन्ही बाजूंनी वाढते, रुंद होते आणि अखेर ओंजळ मिटावी तशी मिटते. आंब्याच्या पानावर किडीमुळे गाठ येते तशीच ही गाठ, फक्त दगडी. पाणी आत-बाहेर जाण्यापुरती भोके तेवढी राहतात. मादी आयुष्यभर आतच असते. नर अतिशय लहान असतो, तो या भोकांतून येऊ शकतो. १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या टॉरेस सामुद्रधुनीत गेलेले केंब्रिजचे एफ. ए. पॉट्स यांनी या गाठीचा बारकाईने अभ्यास करून १९१५ मध्ये प्रबंध छापला, तो आजही उल्लेखला जातो.

स्टिम्पसनला हे पाहायला मिळाले नाही. तो शिकागोच्या विज्ञान अकादमीचा प्रमुख झाला होता. मोहिमेचे नमुने, पुस्तके, हस्तलिखिते त्याने तेथे नेली होती. इमारत आगीला दाद न देणारी मानली जात होती. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो जळाले आणि ती इमारतही आतल्या संग्रहासह जळाली. पुढच्याच वर्षी, १८७२ च्या मे महिन्यात, क्षयाने स्टिम्पसन गेला. वय चाळीस. त्याच्या मोठ्या ग्रंथाचा खेकड्यांविषयीचा बचावलेला भाग स्मिथसोनियन संस्थेने १९०७ मध्ये, मेरी रॅथबन यांच्या संपादनाखाली छापला. वस्तू गेल्या आणि त्यांच्याविषयीच्या ओळी उरल्या. जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

४

१८६७ मध्ये येल विद्यापीठाच्या ॲडिसन व्हेरिल यांनी प्रवाळात राहणाऱ्या खेकड्यांवर एक छोटे टिपण लिहिले. त्याच्या मथळ्यातच 'परोपजीवन' हा शब्द होता. सुखात्मिकेतला आगंतुक अशा रीतीने प्रवाळात शिरला.

दहा वर्षांच्या आत बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाचे प्येर-जोसेफ व्हान बेनेडेन यांनी एका शब्दाचे तीन केले. त्यांचा १८७५ चा ग्रंथ प्राणिसृष्टीतील सहभोजी आणि परोपजीवी यांच्याविषयी आहे. दुसऱ्याच्या अंगावर फुकट जगतो तो परोपजीवी. दुसऱ्याच्या ताटाजवळ बसतो, पण त्याचे ताट ओढत नाही तो सहभोजी, 'कॉमेन्सल'. लॅटिन 'मेन्सा' म्हणजे मेज, तेव्हा एका मेजावर जेवणारा. आणि एकमेकांच्या उपयोगी पडतात ते परस्परोपकारी. ही विभागणी सरळ माणसाच्या समाजावरून घेतलेली आहे आणि व्हान बेनेडेन यांनी ते लपवलेले नाही. पुढे १८७९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी असमान जीवांच्या एकत्र राहण्याला 'सिम्बायोसिस' म्हटले. त्यात नफा-तोट्याचा निवाडा नव्हता. सहजीवन सुखाचेही असू शकते आणि जाचाचेही.

मराठीत हे शब्द आले तेव्हा त्यांचे वजन बदलले. 'परोपजीवी' हा संस्कृत समास आहे, 'दुसऱ्यावर उपजीविका करणारा'. शेजारी बसणे, जेवणे, हसवणे हे सगळे त्यातून गळाले आणि निवाडा तेवढा राहिला. 'बांडगूळ' तर त्याहून परखड. 'होस्ट'साठी 'यजमान' म्हणावे तर मूळ अर्थाने तो स्वतःच्या खर्चाने यज्ञ करणारा. 'सहभोजी' ऐकताच मराठी मनात पंगत उभी राहते, आणि पंगतीबरोबर पंक्तिप्रपंचही येतो. आपल्याकडे कोण कोणाच्या पंगतीला बसतो हा प्रश्न कधीच निरुपद्रवी नव्हता. शब्द जीवशास्त्राचे असले तरी त्यांच्या अंगाला समाजाची माती लागलेली असते.

५

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न काहीसा मागेच पडला होता. १९६६ मध्ये पॅटन यांनी क्वीन्सलँडच्या शाखायुक्त प्रवाळांत राहणाऱ्या कवचधाऱ्यांवर लेख लिहिला आणि त्यांना सहभोजी म्हटले. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, नुडसेन यांनी 'पॅसिफिक सायन्स'मध्ये ट्रॅपेझिया आणि टेट्रालियांवर लेख लिहिला आणि त्यांना प्रवाळांचे अपरिहार्य बाह्य परोपजीवी म्हटले. एका वर्षाच्या अंतराने दोन अभ्यासक त्याच प्राण्यांविषयी लिहितात, आणि निवाडे दोन. दोघेही काळजीपूर्वक पाहणारे होते. खेकडा प्रवाळाचा स्राव खातो ही गोष्ट एका शब्दात मेजवानी ठरते, दुसऱ्यात चोरी.

याच सुमारास बाहेरून एक संकट आले. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ग्रीन आयलंडजवळ काटेरी मुकुटाच्या तारामाशांचा, अ‍ॅकँथॅस्टरचा, अतोनात फैलाव झाल्याचे ध्यानात आले. हा तारामासा आपले जठर बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जिवंत मांस जागच्या जागी पचवतो. मागे पांढरा सांगाडा उरतो. पॅसिफिकमध्ये इतरत्रही अशाच बातम्या येऊ लागल्या. प्रवाळभित्तींचे आता कसे होणार ही चिंता एकाएकी जागतिक झाली. आणि तारामासा काही प्रवाळ सोडून का जातो, हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

पनामातील स्मिथसोनियनच्या संशोधनसंस्थेत काम करणारे पीटर ग्लिन यांनी १९७६ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या प्रवाळांवर एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आणि त्यानंतरच्या त्यांच्या प्रयोगांतून जे दिसले ते असे. तारामासा पोसिलोपोराच्या झुडपावर चढू लागला की ट्रॅपेझिया कडेला येतात, अंगाला झटके देत त्याला हलवतात, त्याचे काटे नांगीने पकडतात, मोडतात आणि त्याचे नळीसारखे पाय कातरतात. कोळंबी चुटकी वाजवत चावे घेते. पुष्कळदा तारामासा माघार घेतो. १९८० मध्ये ग्लिन यांनी दाखवले की खेकड्यांना शत्रूची वर्दी पाण्यातल्या रासायनिक खुणेनेही मिळते. ज्याला आगंतुक म्हटले होते तो दारावर उभा होता. कोकणात आणि गोव्यात गावाची, शिवाराची राखण करणाऱ्या देवाला 'राखणदार' म्हणतात. त्याच्या वाट्याचा नैवेद्य त्याला दिला जातो, आणि त्याला कोणी ऐतखाऊ म्हणत नाही. इंग्रजीत या खेकड्यांना पुढे 'गार्ड क्रॅब' नाव रूढ झाले. मराठीत त्यांना राखणदार म्हणायला हरकत नसावी.

योगायोग असा की मिलर आपल्या टीकाकारांना 'परोपजीवी' शब्दाविषयी उत्तर देत होते तीच ही वर्षे. १९७७ मध्येच लासिग यांनी एका प्रवाळ-झुडपातले मासे, खेकडे आणि कोळंबी एकमेकांना कोणत्या खुणा करतात यावर लेख लिहिला. १९८५ मध्ये वान्निनी यांनी तर दाखवले की अल्फियस कोळंबी ट्रॅपेझियाच्या खुणांना प्रतिसाद देत त्यांच्याच रीतीने 'बोलते', आणि म्हणून खेकडा तिला हाकलत नाही. खेकड्यांची भाषा बोलणारी कोळंबी, अशा अर्थाचे त्या लेखाचे शीर्षक आहे. एका घरात राहायचे तर यजमानाशी जमवून घ्यावे लागते, तसे शेजाऱ्याशीही.

६

तरीही शंका उरतेच. खेकडे कधीमधी शत्रू परतवतात हे ठीक, पण रोजच्या दिवशी त्यांचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची रीत फार साधी निघाली. खेकडे काढून टाकायचे आणि काय होते ते पाहायचे.

फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावर स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी तेच केले. २००६ मध्ये त्यांचा लेख आला. खेकडे काढलेल्या शाखायुक्त प्रवाळांपैकी ४५ ते ८० टक्के प्रवाळ महिन्याच्या आत मेले. जे जगले ते हळू वाढले, अधिक फिके पडले आणि त्यांच्यावर गाळ अधिक साचला. प्रयोगशाळेत दिसले की खेकडे गाळ काढतात, आणि प्रवाळाला सर्वांत अपाय करणारे जे कण असतात तेच काढण्यात ते अधिक तरबेज असतात. रोजची केर काढण्याची ही सेवा दीडशे वर्षे कोणाच्या नजरेत भरली नव्हती. केर काढणाऱ्याच्या बाबतीत माणसांच्या जगातही असेच होते.

यजमानाची बाजूही उघड झाली. १९९० मध्ये हवाईतील जॉन स्टिमसन यांनी (नावाचे साम्य केवळ योगायोगाचे) दाखवले की पोसिलोपोराच्या पॉलिपांच्या शुंडकांवर चरबीचे सूक्ष्म कण तयार होतात, ते खेकडे खातात, आणि झुडपात खेकडे असतील तर प्रवाळ हे कण अधिक तयार करतो. म्हणजे ताट वाढलेले होते.

आणखी एक उदाहरण न्यायाधीशाची घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. सायमो नावाचे खेकडे रोगट प्रवाळांवर, पांढऱ्या पडत जाणाऱ्या पट्ट्याशी, गर्दी करून दिसत. तेव्हा संशय त्यांच्यावरच जाणार. २०१३ मध्ये पोलॉक आणि सहकाऱ्यांनी हे खेकडे काढून पाहिले, तेव्हा रोग उलट अधिक वेगाने पसरला. गुन्ह्याच्या जागी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की आता निकाल लागला, परोपजीवी हा शब्द चुकीचा आणि राखणदार हा बरोबर. इतके सोपे ते नाही. सगळे ट्रॅपेझिया सारखे नाहीत. मॅकिऑन आणि मूर यांनी २०१४ मध्ये दाखवले की लहान खेकडे लहान शत्रूंशी, म्हणजे प्रवाळ खाणाऱ्या शंखांशी लढण्यात उपयोगी पडतात, तर तारामाशापुढे मोठेच खेकडे उभे राहतात. गाठीत राहणारी हापालोकार्सिनसची मादी प्रवाळाच्या वाढीची दिशाच बदलते. तिला राखणदार म्हणण्याजोगे तिच्याकडून काही दिसत नाही. ग्लिन यांच्या १९८३ च्या निबंधाच्या शीर्षकाच्या शेवटीही प्रश्नचिन्ह आहे. खेकडे आणि प्रवाळ एकमेकांसाठी घडत आले आहेत काय, असा तो प्रश्न आहे. ज्याने राखण पाहिली त्यानेच ते चिन्ह ठेवले, याचे मला मोल वाटते.

७

संबंध परिस्थितीवर किती अवलंबून असतो, हे त्याच वर्षी पनामात कठोरपणे दिसले. १९८२-८३ च्या एल निनोत समुद्र तापला. प्रवाळांनी आपली शैवले गमावली, ते पांढरे पडले आणि पोसिलोपोराची झुडपे मोठ्या प्रमाणावर मेली. ग्लिन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये नोंदवले की ताण पडलेल्या प्रवाळांतली चरबी घटली आणि त्यांच्यावर जगणाऱ्या कवचधाऱ्यांच्या अंगातलीही घटली. यजमान उपाशी तेव्हा राखणदारही उपाशी. झुडूप मेले की खेकडे नाहीसे होतात, कारण मेलेल्या फांद्यांवर खायला काही नसते.

याचा परिणाम शेजारपर्यंत गेला. चिरिकीच्या आखातातील उवा बेटाजवळ मोठ्या घुमटासारख्या प्रवाळांभोवती पोसिलोपोराचे दाट कुंपण होते. कुंपणात राखणदार होते, म्हणून तारामासा ते ओलांडून आत जात नसे. कुंपण मेले, राखणदार गेले, आणि तारामासे आत शिरून तोवर सुरक्षित राहिलेले जुने प्रवाळ खाऊ लागले. ज्या घुमटांचा या खेकड्यांशी थेट काही संबंध नव्हता, तेही त्यांच्याच भरवशावर उभे होते, हे ते गेल्यावर कळले.

तेव्हापासून असे तापणे वारंवार होत आले आहे. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये ते सोसले. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या प्रवाळांचे चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याचे अमेरिकेच्या सागरी संस्थेने जाहीर केले. अशा बातम्यांत प्रवाळ मोजले जातात. झुडपांतल्या जोड्या बहुधा मोजल्या जात नाहीत.

८

आता वर्गातल्या प्रश्नाकडे परत यायला हवे. समीक्षक बांडगूळ असतो काय? खेकड्यांचा इतिहास वाचल्यापासून मी या प्रश्नाला सिद्धान्ताने उत्तर देत नाही. मोरेआतला प्रयोग सांगतो आणि म्हणतो, काढून पाहा. आपल्याकडे असा विचार करून पाहण्याजोगे एक उदाहरण आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली. ती स्वतःच एका संहितेवरची टीका आहे आणि मूळ संहितेच्या ताटाशेजारी बसून तिने काय केले ते मराठी भाषा जाणते. पुढे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींवर अपपाठांचा गाळ साचला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणास बसून तो काढला आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या कामात स्वतःची एकही ओवी घुसडू नये, असे बंधन त्यांनी पुढल्यांवर घातले. एकनाथांना या इतिहासातून वगळले तर आपल्या हाती कोणती ज्ञानेश्वरी उरली असती, हे विद्यार्थ्यांनी मनाशी ठरवावे.

हे सगळ्याच समीक्षकांना लागू पडते असे मी म्हणणार नाही. पुष्कळ लेखन असे असते की ते काढून टाकले तर मूळ कृतीला काहीच होणार नाही. काही लेखन गाठीतल्या मादीसारखे कृतीची वाढच वाकडी करते. मी स्वतः जे लिहिले त्यातले किती कोणत्या रकान्यात जाईल, याविषयी मला फार भ्रम नाहीत. मात्र कोणता रकाना, हे शब्द आधी ठरवून कळत नाही. पॅटन आणि नुडसेन यांना एका वर्षाच्या अंतराने तेच खेकडे दिसले होते, आणि दोघांचेही खेकडे त्या वेळी गाळ काढतच होते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हे सगळे ऐकून विचारले, "सर, मग खेकड्याला स्वतःला काय वाटत असेल, आपण जेवतोय की राखण करतोय?" मी तिला म्हटले, बहुधा दोन्ही एकाच नांगीने चालते. तास संपला होता. ती म्हणाली की या प्रश्नावरच तिला आपला लघुप्रबंध लिहायचा आहे, महानुभावांच्या टीकाग्रंथांविषयी. विषय मंजूर झाला आहे आणि सध्या ती पहिले प्रकरण लिहीत आहे.